काळ्या मोहऱ्यांनी ड्रॉ कसा काढायचा: क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमधला लास्कर डिफेन्स, चाल-दर-चाल

शनिवार-रविवारच्या बुद्धिबळाच्या रेटिंग टुर्नामेंटमध्ये आपल्यापेक्षा दोन-तीनशे रेटिंगने वरचा खेळाडू समोर येतो, आपल्याकडे काळी मोहरी, समोरचा डी४ खेळतो आणि आपल्या मनात पहिला विचार काय येतो तर "निदान ड्रॉ तरी सुटावा". विचार चुकीचा नाही, पण मग बहुतेक जण करतात काय तर जे दिसेल ते मारत सुटतात, सगळी मोहरी संपली की ड्रॉ होईल अशा हिशोबाने, आणि पस्तिसाव्या चालीला लक्षात येतं की मोहरी तर संपली पण आपला उंट अजून सी८ वरच बसलाय आणि डी फाइलवर (डी च्या उभ्या रांगेत) समोरच्याचा हत्ती उभा आहे. ड्रॉ असा सुटत नाही. प्रत्येक मारामारी कशासाठी केली हे माहीत असावं लागतं, आणि क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमध्ये (व्हाइट सी४ चं प्यादं देऊ करतो आणि ब्लॅक ते लगेच न मारता ई६ ने डी५ ला आधार देतो, ते ओपनिंग) त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं: सी८ वरच्या उंटाला बाहेर काढण्यासाठी. अख्खा लेख मी या एका उंटाच्या मागे लावून लिहिलाय, कारण हा उंट सुटला की ब्लॅकचा डाव बरोबरीत आला असं साधारण समजायला हरकत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे या डिफेन्सवर भरवसा का ठेवायचा ते कळेल. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखाइन यांची वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅच झाली, सहा डाव आधी जिंकेल तो चॅम्पियन असा नियम होता. मॅच चालली ३४ डाव, त्यातले २५ ड्रॉ, अलेखाइनने ६ जिंकले, कापाब्लांकाने ३. आणि त्या ३४ पैकी ३२ डावांत ओपनिंग होतं क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड! म्हणजे त्या काळचे जगातले सगळ्यात तगडे दोघं महिनोन्महिने एकमेकांवर हेच ओपनिंग घेऊन तुटून पडत होते आणि तरी ते फुटलं नाही. पुढे १९८४-८५ ची कार्पोव्ह-कास्पारोव्ह मॅच ४८ डावांनंतर मधेच थांबवली तेव्हा ४० ड्रॉ झाले होते, तिथेही हे ओपनिंग पुन्हा पुन्हा आलं.

आपण यातली जी शाखा घेणार आहोत ती लास्करची. इमॅन्युएल लास्करने १९०७ मध्ये मार्शलविरुद्धच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचमध्ये ही कल्पना वापरली होती, आणि २०१० मध्ये सोफियाला आनंदने टोपालोव्हविरुद्ध शेवटच्या, बाराव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी हीच काढली. त्या डावावर येतो पुढे. क्लब लेव्हलला मला ही शाखा सगळ्यात जवळची वाटते, कारण पाठांतर कमी आहे आणि प्रत्येक चालीचं कारण लहान मुलालाही सांगता येतं.

पट समोर मांडून घ्या, नुसतं वाचून उपयोग नाही. आकड्यानंतर पहिली चाल व्हाइटची, दुसरी ब्लॅकची; आकड्यापुढे तीन टिंबं असली तर चाल ब्लॅकची; ! म्हणजे चांगली चाल, ?? म्हणजे घोडचूक. खाली जो डाव आहे तो सुरुवातीच्या पंधरा चालींपर्यंत सरळ पुस्तकी आहे आणि पुढचा भाग मी शिकवण्यासाठी जोडलाय, कुठल्या एका टुर्नामेंटमधला डाव म्हणून तो शोधत बसू नका.

सुरुवातीच्या सहा चाली

१. डी४ डी५ २. सी४ ई६. इथेच आपल्या उंटाची वाट बंद झाली, कारण ई६ च्या प्याद्याने सी८ चा कर्ण अडवला. ही किंमत आपण जाणूनबुजून मोजतोय, बदल्यात डी५ पक्कं होतं. ३. घोडा सी३, घोडा एफ६ ४. उंट जी५, उंट ई७ ५. ई३, कॅसलिंग ६. घोडा एफ३.

इथपर्यंत फार विचार नको. फक्त एक पाहा की व्हाइटने चौथ्या चालीला सी४ च्या प्याद्याने डी५ मारलं तर तो एक्स्चेंज व्हेरिएशन आहे, आपण ई६ च्या प्याद्याने परत मारतो आणि आपल्या उंटाची वाट फुकटात मोकळी होते, मग या लेखातली योजना लागू होत नाही. तिथे सी६, घोडा डी७, हत्ती ई८, घोडा एफ८ अशी मांडणी करायची आणि व्हाइट वजिराच्या बाजूला बी४-बी५ ढकलत येईल त्याकडे लक्ष ठेवायचं. तो वेगळा विषय आहे, आज नको.

सहावी आणि सातवी चाल: एच६ आणि घोडा ई४

६... एच६ ७. उंट एच४, घोडा ई४!

एच६ ही चाल बऱ्याच जणांना नुसती "जा इथून" अशी वाटते, पण तिचं खरं मोल विसाव्या चालीनंतर कळतं, जेव्हा हत्ती आठव्या रांगेत शिरायला बघतो आणि आपल्या राजाला एच७ वर सरकायला जागा असते. म्हणून ही चाल विसरू नका आणि लांबणीवरही टाकू नका, नंतर वेळ मिळत नाही.

आता घोडा ई४. आपली जागा आखडलेली आहे, आणि आखडलेल्या जागेत मोहरी जास्त असली की ती एकमेकांच्या पायात येतात, दादरच्या जिन्यावर संध्याकाळी सात वाजता होते तशी. दोन जोड्या कमी झाल्या की उरलेल्यांना हलता येतं. घोडा ई४ वर गेला की ई७ च्या उंटासमोर एच४ चा उंट उघडा पडतो, म्हणजे उंटाची जोडी जाणार, आणि पुढे घोड्यांची जोडीही जाणार.

८. उंटाने ई७ मारला, वजिराने ई७ मारला. वजिरानेच मारायचं, कारण ई७ वर वजीर बसला की पुढे ई५ ढकलायला आधार मिळतो.

इथे व्हाइट दोन गोष्टी करून बघू शकतो. एक, ९. घोड्याने ई४ मारला तर डी५ च्या प्याद्याने ई४ मारा, त्याने घोडा डी२ वर नेऊन ई४ वर नेम धरला की एफ५ ने आधार द्या, पुढे संधी बघून ई५ करा. दोन, ९. सी४ च्या प्याद्याने डी५ मारलं तर आधी घोड्याने सी३ मारा, त्याने बी२ च्या प्याद्याने परत मारलं की मग ई६ च्या प्याद्याने डी५ मारा. क्रम महत्त्वाचा आहे बरं का, आधी डी५ मारून बसलात तर सी३ चा घोडा डी५ चं प्यादं फुकट घेतो, वर वजिरावरही येतो आणि डोकेदुखी सुरू होते.

नववी ते बारावी: वाट बघायची आणि मग मारायचं

९. हत्ती सी१, सी६ १०. उंट डी३, घोड्याने सी३ मारला ११. हत्तीने सी३ मारला, डी५ च्या प्याद्याने सी४ मारलं १२. उंटाने सी४ मारलं, घोडा डी७.

या तुकड्यात सगळ्यात जास्त मुलं घाई करतात. सी४ चं प्यादं पहिल्यापासून मारायला मोकळं आहे, मग अकराव्या चालीपर्यंत का थांबलो? कारण व्हाइटचा उंट एफ१ वर असताना आपण सी४ मारलं तर तो एका उडीत सी४ वर येतो. तो आधी डी३ वर आला आणि मग आपण मारलं तर त्याला दोन चाली लागल्या, म्हणजे आपली एक चाल वाचली. आखडलेल्या डावात एक चाल ही मोठी गोष्ट असते. त्यामुळे त्याचा उंट हलेपर्यंत आपण सी६ सारखी उपयोगाची चाल करून थांबायचं.

एक अडचण मात्र खरी आहे. डी५ सोडून दिल्यावर मध्यात व्हाइटचं डी४ एकटं राज्य करतं, आणि आपण नुसतं बसून राहिलो तर तो ई४ करून आपल्याला आणखी आवळणार. म्हणून सी४ मारलं त्याच क्षणी डोक्यात पुढची चाल पक्की हवी: ई५ किंवा सी५, दोन्हीपैकी एक करायचंच. ते न करता ड्रॉ मिळेल असं वाटत असेल तर हे ओपनिंग खेळू नका.

तेरावी चाल: डाव इथे ठरतो

१३. कॅसलिंग, ई५!

वजीर ई७ वर आणि घोडा डी७ वर, दोघांचा आधार ई५ ला आहे. आणि बघा, ई६ चं प्यादं ई५ वर गेलं की सी८ पासूनचा कर्ण जवळजवळ उघडला, मधे फक्त डी७ चा घोडा राहिला, आणि तोही आता जाणार आहे.

१४. डी४ च्या प्याद्याने ई५ मारलं, घोड्याने ई५ मारलं १५. घोड्याने ई५ मारला, वजिराने ई५ मारला.

आता पट मोजा. दोघांकडे एक वजीर, दोन हत्ती, एक उंट, सहा प्यादी. व्हाइटची राजाच्या बाजूला चार विरुद्ध तीन, आपली वजिराच्या बाजूला तीन विरुद्ध दोन. सी८ चा उंट पहिल्यांदाच पूर्ण मोकळा. इथे पोचलात तर ओपनिंगचं काम झालं, पण डाव अजून ड्रॉ झालेला नाही, आणि लोक नेमके इथेच सैल पडतात.

चौदाव्या चालीला व्हाइट मारायच्या ऐवजी उंट बी३ वर मागे घेऊ शकतो, आणि माझ्या मते तीच त्याची जास्त त्रासदायक चाल आहे. मग ई५ च्या प्याद्याने डी४ मारायचं, त्याने ई३ च्या प्याद्याने परत मारलं की घोडा एफ६, हत्ती ई१ ला वजीर डी६. व्हाइटचं डी४ आता एकटं पडलंय, त्याच्यासमोर डी५ हे आपल्या मोहऱ्याचं घर, पण बदल्यात त्याची मोहरी भराभर राजावर येतात. कार्पोव्हने १९८९ मध्ये लंडनच्या कँडिडेट्स (वर्ल्ड चॅम्पियनचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) सेमीफायनलला युसुपोव्हला याच प्रकारच्या पोझिशनमध्ये हरवलंय आणि युसुपोव्ह तर हा डिफेन्स मनापासून खेळणारा माणूस, तेव्हा इथे "ड्रॉच आहे" म्हणून भराभर चाली करू नका. उंट ई६ किंवा एफ५ वर काढा, आणखी एक-दोन जोड्या कमी करा आणि घड्याळातला वेळ इथेच खर्च करा.

सोळावी: एफ४ आली तर

१६. एफ४ ही तिखट चाल आहे. वजिराला हाकलायचं आणि मग ई आणि एफ ची प्यादी पुढे लोटून आपल्या उंटाला पुन्हा कोंडायचं असा बेत. उत्तर १६... वजीर ई४! ई३ च्या प्याद्यासमोरच वजीर नेऊन बसवला की ते पुढे सरकत नाही. मग १७. वजीर ई२, उंट एफ५ १८. उंट डी३, वजीर डी५ १९. ई४. आता वजीर आणि उंट दोघांवर प्यादं आलं, बघणाऱ्याला वाटतं ब्लॅकचा एक मोहरा गेला. पण १९... वजीर डी४ ला चेक! २०. वजीर एफ२ मधे आला की वजिराने वजीर मारा, राजाने परत मारला की उंट डी७ वर मागे घ्या. उंट वाचला, वजीर गेले, आता ई५ ला धाक लावायला एफ६ आणि हत्ती डी आणि ई फाइलवर, इतकंच काम उरलं.

विसाव्या चालीला तो चेकमधून राजा एच१ वर गेला तर हत्ती एफ वरून ई८ वर. मग त्याने ई४ च्या प्याद्याने एफ५ चा उंट मारला की ई फाइल उघडते आणि आपला हत्ती ई२ चा वजीर घेतो. म्हणजे उंट दिसतो लटकलेला पण मारता येत नाही.

आणि एकविसाव्या चालीला उंट ई६ वर नका नेऊ, जरी तिथून ए२ चं प्यादं छान दिसत असलं तरी. तो एफ५ करेल, तुम्ही मोहात पडून ए२ माराल, तो बी३ करेल आणि उंट त्या कोपऱ्यात अडकेल, बी१ वर त्याच्या उंटाचा आणि हत्तीचा पहारा आहे. मग हत्ती ए१ वर आला की उंट जातो. तेरा-चौदा चाली ज्या उंटाला बाहेर काढायला घालवल्या त्यालाच असं घालवणं म्हणजे काय म्हणावं!

सोळावी: वजीर सी२ आली तर

क्लबमध्ये जास्त वेळा ही शांत चाल येते, म्हणून आपला मुख्य डाव हाच.

१६. वजीर सी२, उंट एफ५! उंट बाहेर, आणि आल्या आल्या वजिरावर नेम. १७. ई४ ने अडवलं तर उंटाने सरळ ई४ मारा, वजीर ई५ वरून आधार देतोय, तो हत्ती ई१ वर आणून पिन केल्यासारखं (उंट हलला तर मागचा वजीर जातो असं) करेल पण तुम्ही सी२ चा वजीर मारा, तो तुमचा वजीर मारेल, मग उंट जी६ वर मागे, प्यादं आपलं वर. वजीर बी३ वर सरकला तर बी७ आणि एफ७ दोन्हीवर डोळा आहे, तेव्हा आपला वजीर शांतपणे ई७ वर न्या, दोन्ही घरं सांभाळली जातात.

१७. उंट डी३, उंटाने डी३ मारला १८. हत्तीने डी३ मारला, हत्ती एफ वरून डी८.

झालं, सी८ च्या उंटाने आपला हिशोब चुकता केला, व्हाइटच्या चांगल्या उंटाला घेऊन गेला. आता वजीर आणि हत्ती उरले.

१९. हत्ती एफ वरून डी१, हत्तीने डी३ मारला २०. हत्तीने डी३ मारला.

थांबा इथे. हात आपोआप ए८ चा हत्ती उचलून डी८ वर ठेवायला जातो, कारण "फाइल उघडी आहे, हत्ती समोर आणा, मारामारी करा" हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं. २०... हत्ती डी८?? केला तर तो सरळ हत्तीने डी८ मारेल, चेकसह, आणि आपल्याकडे परत मारायला कुणीच नाही, वजीर ई५ वर आहे, तिथून डी८ लागत नाही! अख्खा हत्ती गेला. वजीर ई७ वर असता तरी पुरलं नसतं, समजा त्याचा वजीर डी२ वर हत्तीच्या मागे उभा असेल तर तो हत्ती मारतो, आपण वजिराने मारतो, तो वजिराने आपला वजीर मारतो. फाइलवर हत्ती समोर आणण्याआधी त्याचे किती आणि आपले किती हे बोटावर मोजा, दरवेळी.

बरोबर चाल आहे २०... हत्ती ई८. हा हत्ती पुढे ई७ वर जाऊन सातवी रांग सांभाळणार आहे आणि ई५ वरून वजिराचा आधार आहेच.

विसाव्या चालीला त्याने हत्तीऐवजी वजिराने डी३ मारला असता तर वजीर ई७ वर नेला असता, डी७ आणि डी८ दोन्ही घरं झाकली जातात, मग तो वजीर डी७ वर आणून मारामारी मागतो, ती झाल्यावर बी६ आणि राजा एफ८-ई८ करत त्याचा हत्ती हाकलायचा.

एकविसावी ते पंचविसावी: ड्रॉ

२१. हत्ती डी७. बी७ आणि एफ७ वर एकदम हल्ला, बघून पोटात गोळा येतो. २१... हत्ती ई७! दोन्ही प्यादी वाचली आणि वर मारामारीचं आमंत्रण.

२२. हत्ती डी८ चेक, हत्ती ई८. इथे राजा एच७ वर न्यायचा विचारही नको, कारण डी३ रिकामं झाल्यामुळे सी२ चा वजीर थेट एच७ पर्यंत पोचतो, ती चाल नियमातच बसत नाही. हत्ती मधे घालायचा, ई५ चा वजीर त्याला आधार देतो. २३. हत्ती डी७, हत्ती ई७ २४. हत्ती डी८ चेक, हत्ती ई८ २५. हत्ती डी७.

आणि हीच पोझिशन तिसऱ्यांदा आली: एकविसाव्या, तेविसाव्या आणि पंचविसाव्या चालीनंतर, तिन्ही वेळा चाल ब्लॅकची. ड्रॉ.

व्हाइटने मधेच वेगळं काही केलं तर? बाविसाव्या चालीला वजीर डी२ वर आणून हत्तीला जोर दिला तर हत्तीने डी७ मारा, तो वजिराने मारेल, मग आपला वजीर बी२ चं प्यादं घेतो आणि तिथूनच बी७ पण राखतो, कारण बी फाइल मधे पूर्ण रिकामी आहे. प्यादं आपलं जास्त. बाविसाव्याला हत्तीने ई७ मारला तर वजिराने परत मारा, वजीर-प्याद्यांचा शेवट, बरोबरीचा, पण इथे झोपायचं नाही: वजीर मध्यात ठेवा, राजाभोवतीची प्यादी विनाकारण हलवू नका, आणि वजीर मारायचा प्रस्ताव आला की आधी राजा-प्याद्यांचा शेवट मोजा. त्याची चार प्यादी एका बाजूला, आपली तीन दुसऱ्या बाजूला, अशा शेवटात एका चालीचा फरक पूर्ण अर्धा गुण घेऊन जातो. मोजता येत नसेल तर वजीर ठेवा, वजीर असला की सलग चेक देऊन सुटायची वाट उघडी राहते.

आणि एकविसाव्याला त्याने हत्ती आत न घालता एच३ सारखी चाल केली तर हत्ती ई७, मग जी६, राजा जी७, आणि सगळी घरं झाकून बसा.

आर्बिटरकडे (पंचाकडे) क्लेम कसा करायचा

पटावर मिळालेला ड्रॉ टेबलावर घालवणारे कमी नाहीत, म्हणून हे नीट वाचा. तीनदा पोझिशन आल्याने डाव आपोआप संपत नाही, कुणीतरी क्लेम करावा लागतो. आपोआप संपतो तो पाच वेळा आल्यावर. वरच्या डावात त्याने पंचविसावी चाल केल्यावर पोझिशन तिसऱ्यांदा पटावर आली आणि चाल आपली, तेव्हा कुठल्याही मोहऱ्याला हात न लावता घड्याळ थांबवून आर्बिटरला बोलवायचं. हात लावला की त्या चालीपुरता क्लेमचा हक्क गेला.

तिसरी वेळ आपल्या चालीने येणार असेल तर ती चाल आधी स्कोअरशीटवर लिहायची, पटावर करायची नाही, आणि आर्बिटरला सांगायचं की मी ही चाल खेळणार आहे आणि त्याने तीनदा होते. क्लेम चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावी लागते, म्हणून आधी स्कोअरशीटवरून नक्की तपासा. पोझिशन सारखी म्हणजे चाल त्याच खेळाडूची आणि सगळ्या शक्य चालीही त्याच, कॅसलिंगचा हक्क आणि आँ पासाँ (दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने मारणं) यांच्यासकट. मुलांच्या स्कोअरशीट इतक्या गिचमिड असतात की क्लेम खरा असून सिद्ध करताना घाम फुटतो, तेव्हा पालकांनो, नीट लिहायची सवय लावा.

तोंडी ऑफर करायची असेल तर क्रम असा: आधी चाल करा, मग ड्रॉ विचारा, मग घड्याळ दाबा. त्याचा विचार चालू असताना विचारू नका, आणि तो नाही म्हणाला की दर दोन चालींनी परत विचारू नका, तो त्रास देणं धरला जातो. काही टुर्नामेंटमध्ये ठरावीक चालींआधी आपसात ड्रॉ करायला बंदी असते, पण पोझिशन तीनदा आल्याचा क्लेम तिथेही चालतो. टुर्नामेंटचे नियम आधी वाचा.

माझं मत विचाराल तर जास्त रेटिंगच्या खेळाडूला पंधराव्या चालीला ड्रॉ विचारूच नये. त्याला कळतं की तुम्ही घाबरलाय, आणि तो मग दोन तास पिळतो. गप्प राहून चांगल्या चाली करत राहिलात तर पुष्कळदा तोच विचारतो, किंवा जिंकायच्या हट्टाने तोच चुकतो.

यासाठीच सोफियाचा डाव बघा. २०१० ची मॅच, अकरा डावांनंतर साडेपाच-साडेपाच, आनंद काळ्या मोहऱ्यांनी. बारावा डाव ड्रॉ झाला असता तर रॅपिड टायब्रेक होणार होता. आनंदने लास्कर डिफेन्स काढला. टोपालोव्हने उंट डी३ ऐवजी ई२ वर नेला, पुढे आनंदने ई५ न करता बी६ आणि सी५ ची वाट धरली, म्हणजे उंट बी७ वरून बाहेर काढायचा, हीसुद्धा पूर्ण चांगली पद्धत आहे. तिसाव्या चालीपर्यंत डाव साधारण बरोबरीत होता. मग टोपालोव्हने एकतिसाव्या चालीला ई४ च्या प्याद्याने एफ५ मारलं, आनंदने ई५ चं प्यादं ई४ वर ढकललं, टोपालोव्हने तेही मारलं आणि त्या आडव्या कर्णाने व्हाइटचा राजा उघडा पडला. ए८ च्या कोपऱ्यात बसलेला तो उंट, तोच सी८ वाला, त्या कर्णावर राजावर रोखलेला होता! आनंद जिंकला, साडेसहा-साडेपाच. पूर्ण डाव पटावर लावून बघाच, विसाव्या चालीपासून दर चालीला थांबून उंट कुठे आहे ते बघत.

ड्रॉ म्हणजे काहीच न मिळणं असं समजणाऱ्यांसाठी अजून एक. २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला महिला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीविरुद्ध दोन्ही क्लासिकल डाव ड्रॉ केले, आणि मग रॅपिडमध्ये दीड-अर्ध्याने कप घेतला. ते दोन अर्धे गुण नसते तर रॅपिडपर्यंत पोचलीच नसती.

सराव कसा करायचा

लिचेसवर (बुद्धिबळाची मोफत वेबसाइट) बोर्ड एडिटर उघडा आणि पंधराव्या चालीनंतरची पोझिशन मांडा. व्हाइट: राजा जी१, वजीर डी१, हत्ती सी३ आणि एफ१, उंट सी४, प्यादी ए२, बी२, ई३, एफ२, जी२, एच२. ब्लॅक: राजा जी८, वजीर ई५, हत्ती ए८ आणि एफ८, उंट सी८, प्यादी ए७, बी७, सी६, एफ७, जी७, एच६. चाल व्हाइटची. ब्लॅक घेऊन आधी कॉम्प्युटरच्या मधल्या लेव्हलशी खेळा, मग वरच्या. इंजिन पाहिजे तर नंतर लावा, खेळताना नको, नाहीतर चाल त्याची आणि समाधान आपलं असं होतं.

मग मित्राला बसवा आणि त्याला सांगा की तू जिंकायचंच आहेस, दर वेळी सोळाव्या चालीला काहीतरी नवं कर, कधी एफ४, कधी वजीर सी२, कधी वजीर डी४ वर आणून वजिरांची मारामारी माग. हरलेल्या प्रत्येक डावात दोनच गोष्टी लिहून ठेवा: उंट कितव्या चालीला बाहेर आला, आणि डी फाइलवर हत्ती आणताना मोजलं होतं की नाही.